सरकत्या षड्जावर उभे राहताना: नागपुरात जॅझ गायन शिकू पाहणाऱ्यांसाठी

नागपुरात जॅझ गायला शिकू इच्छिणारी मंडळी साधारणपणे दोन वाटांनी येतात. काही जण गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत देत मध्यमा किंवा विशारदपर्यंत पोहोचलेले असतात, तर काही जण कॉलेजच्या बँडमध्ये किंवा सदर भागातल्या चर्चच्या कॉयरमध्ये इंग्रजी गाणी म्हणत आलेले असतात. दोघांनाही पहिली शंका येते ती आवाजाचीच: आपला आवाज पुरेसा घोगरा आहे का, आपले इंग्रजी पुरेसे ‘तसे’ आहे का. मी स्वतः पहिल्या वाटेने आले आणि या शंकेपायी माझे निदान सहा महिने वाया गेले. आवाज हा जॅझमधला अडथळा नसतोच. बिली हॉलिडेच्या आवाजाचा पल्ला मोठा नव्हता आणि त्यात ताकदीचा डौलही नव्हता, तरीही जॅझ गाणारा प्रत्येक जण तिच्याकडे परत परत जातो. आपल्याकडच्या गायकाला खरी अडचण येते ती दोन ठिकाणी. ख्याल गाताना तानपुऱ्याचा षड्ज तासभर एकाच जागी उभा असतो, पण जॅझमध्ये पायाखालचा आधारस्वर दर एक-दोन बारांनी (बार म्हणजे मात्रांचा एक गट, बहुधा चारांचा) सरकतो. आणि आपली टाळी जिथे पडते तिथे जॅझची टाळी पडत नाही. पुढे दिलेला क्रम या दोन अडचणी डोळ्यांपुढे ठेवूनच आखलेला आहे.

आधी ऐकणे, तेही एकच गाणे

पहिल्या महिन्यात गाण्याची घाई करू नये. एकच गाणे निवडावे आणि ते तीन वेगवेगळ्या गायकांकडून ऐकावे. नवशिक्यासाठी मी ‘समरटाइम’ सुचवते. जॉर्ज गर्शविनने 1935 साली रंगमंचावर आलेल्या ‘पोर्गी अँड बेस’ या ऑपेरासाठी त्याची चाल बांधली. ते केवळ सोळा बारांचे आहे, त्याची लय संथ आहे आणि त्याची चाल बहुतांशी षड्ज, कोमल गंधार, मध्यम, पंचम आणि कोमल निषाद या पाच स्वरांतच फिरते. धानी राग ओळखीचा असलेल्या कानाला ती पहिल्याच दिवशी घरची वाटते. बिली हॉलिडेचे 1936 मधले ध्वनिमुद्रण, सारा व्हॉनचे 1949 मधले आणि एला फिट्झजेराल्ड व लुई आर्मस्ट्राँग यांनी मिळून गायलेले, अशी तीन ध्वनिमुद्रणे पुरेशी आहेत.

ऐकताना हातात पेन्सिल असावी. शब्द एका कागदावर लिहून घ्यावेत आणि गायक जिथे ठेक्याच्या मागे रेंगाळतो तिथे उजवीकडे, जिथे आधी पाऊल टाकतो तिथे डावीकडे छोटा बाण काढावा. तीन गायकांचे तीन कागद शेजारी ठेवले की लक्षात येते की एकही ओळ दोघांनी एकाच जागी ठेवलेली नाही, आणि तरीही तिघेही लयीत आहेत. त्यानंतर आठवडाभर गायकाकडे दुर्लक्ष करून फक्त डबल बास, म्हणजे खालचे स्वर देणारे मोठे तंतुवाद्य, ऐकावा आणि तोच गुणगुणावा. हे काम कंटाळवाणे आहे, हे मी मान्य करते, पण सरकणारी जमीन कानाला कळते ती इथेच.

पट्टी ठरवणे

आपल्याकडे गायकाची पट्टी एकदा ठरली की ती बहुधा आयुष्यभराची असते. जॅझमध्ये पट्टी गाण्यागणिक बदलते, कारण प्रत्येक गाण्याचा सर्वांत उंच आणि सर्वांत खालचा स्वर वेगळा असतो आणि ते दोन्ही आपल्या बोलण्याच्या आवाजाच्या जवळपास यावेत अशी अपेक्षा असते. आपल्या नेहमीच्या पट्टीत तार षड्जाच्या पुढे जाण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी येथे पट्टी मुद्दाम खाली आणावी. गाण्यातला सर्वांत उंच स्वर ओरडून नव्हे तर बोलल्यासारखा निघाला पाहिजे, ही कसोटी लावावी.

साथीदाराला मात्र ‘काळी चार’ म्हटलेले कळणार नाही, तेव्हा नावे पाठ करून ठेवावीत: काळी दोन म्हणजे ई फ्लॅट, काळी चार म्हणजे ए फ्लॅट आणि काळी पाच म्हणजे बी फ्लॅट. गंमत अशी की ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन यांच्या घडणीमुळे जॅझवाल्यांना हेच फ्लॅट स्वर सोयीचे पडतात, त्यामुळे आपल्याकडच्या काळ्या पट्ट्यांची सवय येथे फुकट जात नाही.

टाळीची जागा बदलणे

चार मात्रांच्या बारमध्ये आपला हात पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पडतो, कारण समेवर वजन देण्याचे वळण भजनापासून लागलेले असते. जॅझमध्ये चुटकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर वाजते. हे वाचायला सोपे आहे, पण अंगवळणी पडायला मला तीन महिने लागले.

उपाय असा. मोबाइलमधला मेट्रोनोम मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवावा आणि प्रत्येक ठोका ‘दोन’ आणि ‘चार’ आहे असे मानून मधले ‘एक’ आणि ‘तीन’ स्वतः तोंडाने म्हणावेत. म्हणजे प्रत्यक्ष लय 120 ची होते आणि पहिली मात्रा आपल्यालाच, बाहेरच्या कोणत्याही आधाराशिवाय, निर्माण करावी लागते. सुरुवातीला दोनच मिनिटांत हा ठोका उलटा फिरतो आणि ‘एक’वर येऊन बसतो. तसे झाले की थांबून पुन्हा सुरुवात करावी. अंबाझरीच्या काठाने चालताना हा सराव उत्तम होतो: डावे पाऊल एक आणि तीन, उजवे पाऊल दोन आणि चार, आणि चुटकी फक्त उजव्या पावलाबरोबर.

हे बसल्यावरच स्विंगकडे वळावे. एका मात्रेचे दोन सारखे भाग न करता तीन भाग कल्पावेत, ‘त-कि-ट’ म्हणावे आणि मग मधला ‘कि’ गिळून टाकावा. उरते ते लांब ‘त’ आणि आखूड ‘ट’, आणि जॅझची डुलती चाल साधारण हीच आहे. लय जलद झाली की हा फरक कमी होत जातो आणि दोन भाग जवळजवळ सारखे होतात. म्हणून जलद गाण्यात मुद्दाम झोके देऊ नयेत, ते बाळबोध वाटतात.

सरकणारी जमीन: पेटीवरचा एक धडा

या लेखातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्यासाठी घरातली पेटी पुरते, कीबोर्ड विकत घेण्याची गरज नाही.

पेटीवर आपला षड्ज ठरवावा आणि तीन कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी दाबायचे स्वरांचे गट, वाजवाव्यात. पहिली: रे, म, ध, सा. दुसरी: प, नी, रे, म. तिसरी: सा, ग, प, नी. सर्व स्वर शुद्ध, म्हणजे बिलावल थाटाच्या बाहेर काहीच नाही. या तिन्ही एकामागून एक, प्रत्येकी चार मात्रा वाजवल्या की कान म्हणतो, ‘घरी आलो.’ पाश्चात्त्य परिभाषेत या क्रमाला ‘टू-फाइव्ह-वन’ म्हणतात, कारण कॉर्डचे पाये अनुक्रमे दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या स्वरावर आहेत. जॅझमधल्या असंख्य गाण्यांचा सांगाडा याच तीन पावलांचा, फक्त वेगवेगळ्या पट्ट्यांत हलवलेला, असतो.

आता गायचे काय? पेटीवर तिन्ही कॉर्ड चालू ठेवून आवाजाने फक्त तीन स्वर लावावेत: पहिल्या कॉर्डवर सा, दुसरीवर नी, तिसरीवरही नीच. पहिल्या कॉर्डमधला षड्ज अर्ध्या स्वराने खाली उतरतो आणि तिथेच थांबतो, तोवर खालची जमीन मात्र दोनदा बदललेली असते. ख्यालाच्या कानाला हा शेवटचा निषाद अतिशय अस्वस्थ करतो. तो वर षड्जात सोडवून टाकावा असे वाटते. सोडवू नये. तिसऱ्या कॉर्डवर तो निषादच मुक्कामाचा स्वर आहे, हे कानाला पटेपर्यंत, मग त्यास दहा दिवस लागोत, तो धरून ठेवावा. त्यानंतर दुसरी रेघ गावी: म, म, ग. पहिल्या दोन कॉर्डवर मध्यम स्थिर राहतो आणि तिसरीवर गंधारात उतरतो. घरात दुसरे कोणी गाणारे असेल तर एकाने ‘सा नी नी’ आणि दुसऱ्याने ‘म म ग’ धरावे. दोनच आवाजांत, पेटी बंद ठेवूनही, तिन्ही कॉर्ड ओळखू येतात. या स्वरांना ‘गाइड टोन’ म्हणतात. पुढे स्वतःच्या मनाने काही सुचवायचे असते तेव्हा कोणत्या स्वरावर उतरावे याचे उत्तर नव्वद टक्के वेळा हेच स्वर देतात.

सदरमधल्या एखाद्या चर्चच्या कॉयरमध्ये आल्टो किंवा टेनर गाणारे लोक हे काम वर्षानुवर्षे करीत असतात, कारण त्यांच्या वाट्याला मुख्य चाल येत नाही, मधली रेघ येते. नाताळच्या कॅरोलच्या तालमींना एक हंगाम जरी मधल्या आवाजात उभे राहता आले, तरी ज्या गोष्टी पुस्तकातून समजायला वर्ष लागते त्या डिसेंबरभरात कानात उतरतात. तेथे जाताना ‘मला जॅझ शिकायचे आहे’ असे सांगण्याची गरज नाही, वेळेवर येणे पुरेसे असते.

आवर्तन मोजणे

दुसरे गाणे म्हणून ‘ब्लू मून’ घ्यावे. रिचर्ड रॉजर्स आणि लॉरेन्झ हार्ट यांचे हे 1934 मधले गाणे बत्तीस बारांचे आहे: आठ बारांचा एक भाग, तोच पुन्हा, मग आठ बारांचा वेगळा भाग ज्याला ‘ब्रिज’ म्हणतात, आणि शेवटी पहिलाच भाग परत. म्हणजे एका फेरीत 128 मात्रा होतात, आणि जॅझमध्ये ही अख्खी फेरी म्हणजे एक आवर्तन असते. गाणे एकदा सरळ म्हणायचे, मग त्याच 128 मात्रांच्या चौकटीत वादकांनी आणि गायकाने आपापली उपज करायची, म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते वाजवायचे-गायचे, आणि शेवटी पुन्हा गाणे सरळ म्हणून संपवायचे, असा साधारण क्रम असतो.

लक्ष्मीनगरातल्या एका मित्राच्या घरी मी पहिल्यांदा कीबोर्डच्या साथीने हे गाणे म्हटले तेव्हा उपज करण्याच्या भरात ब्रिज कधी आला आणि गेला ते मला समजलेच नाही. मी पहिला भाग तिसऱ्यांदा म्हणत होते आणि खालून भलत्याच कॉर्ड येत होत्या. त्रितालात एखादी सम हुकली तर सोळा मात्रांनी पुढची गाठता येते. येथे 120 च्या लयीत पुढची सम यायला एक मिनिट आणि चार सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ हसऱ्या चेहऱ्याने उभे राहणे फार अवघड जाते. तेव्हापासून मी उपजेचा सराव करताना मनातल्या मनात मूळ शब्द म्हणत राहते. बाहेर काहीही गावे, आत गाणे चालू असले पाहिजे. याहून खात्रीचा दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

साथीला माणूस नसेल तर ‘आयरिअल प्रो’ नावाचे ॲप उपयोगी पडते. त्यात गाण्याच्या कॉर्ड भरल्या की पियानो, बास आणि ड्रम्सची साथ वाजते आणि पट्टी व लय दोन्ही बदलता येतात. महिन्यातून काही दिवस त्यातला पियानो बंद करून फक्त बासवर गावे.

शब्द

मराठी माणूस इंग्रजी बोलताना प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखे वजन देतो. इंग्रजी वाक्यात मात्र दोन-तीन शब्दच ठाशीव असतात आणि बाकीचे घाईने उरकले जातात. म्हणून ओळ गाण्याआधी ती लयीशिवाय, फोनवर एखाद्याला काही सांगतो आहोत अशा थाटात पाच-सहा वेळा बोलावी आणि ज्या शब्दावर नकळत जोर पडतो त्याखाली रेघ मारावी. गाताना लांबवायचे ते हेच शब्द. आपल्या ‘ट’ आणि ‘ड’ मध्ये जीभ मागे वळते, ती दातांच्या किंचित मागे टेकवली की उच्चार मऊ होतो. अमेरिकन ढब आणण्याचा खटाटोप मात्र करू नये. शब्द समजले म्हणजे झाले.

यालाच जोडून मायक्रोफोनचा विचार येतो. 1925 च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण आले, त्याआधी गायकांना भोंग्यात जोर लावून गावे लागे. मायक्रोफोन आल्यावरच कानाशी बोलल्यासारखे गाणे शक्य झाले, आणि जॅझचे गायन मोठ्या प्रमाणात त्या शक्यतेवर उभे आहे. खुल्या आकाराची सवय असलेल्यांनी म्हणूनच अर्ध्या आवाजात, ओठांपासून चार बोटांवर माइक ठेवून सराव करावा. लांब स्वर सुरुवातीला सरळ, अजिबात न हलवता धरावा आणि कंप हवाच असेल तर शेवटच्या टोकाला येऊ द्यावा.

ब्लूज आणि निरर्थक अक्षरे

उपजेला सुरुवात बारा बारांच्या ब्लूजवर करावी. पाया असा बदलतो: चार बार सा, दोन बार म, दोन बार सा, एक बार प, एक बार म आणि दोन बार सा. त्यावर सा, कोमल ग, म, तीव्र म, प आणि कोमल नी एवढेच स्वर वापरावेत. ज्यांनी जोग गायला आहे त्यांना दोन्ही गंधार एकाच रागात नांदतात हे ठाऊक आहे. ब्लूजमधला गंधार तर या दोहोंच्या मधल्या फटीत राहतो, आणि पियानोला तो स्वर उपलब्धच नसल्यामुळे पियानोवादक दोन पट्ट्या एकदम चिरडून त्याचा आभास करतो. मींड घोटलेल्या गळ्याला तो सहज सापडतो. ही आपली मिळकत आहे, ती जरूर वापरावी, पण दर दुसऱ्या स्वरावर नाही.

शब्दांऐवजी निरर्थक अक्षरांवर उपज करण्याला ‘स्कॅट’ म्हणतात. आर्मस्ट्राँगच्या 1926 मधल्या ‘हीबी जीबीज’च्या ध्वनिमुद्रणाने ते गाजले, शब्दांचा कागद खाली पडल्यामुळे त्याने असे गायले ही कथा रंजक आहे, पण स्कॅट त्याच्याही आधीपासून होते. एला फिट्झजेराल्ड 1960 साली बर्लिनमध्ये ‘मॅक द नाइफ’ गाताना मध्येच शब्द विसरली, जागच्या जागी नवे शब्द जुळवत तिने गाणे पुरे केले, आणि त्या विसरलेल्या गाण्यालाच पुढे ग्रॅमी मिळाले. आपल्या कानालाही हा प्रकार परका नाही: पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी 1957 च्या ‘आशा’ चित्रपटात ‘ईना मीना डिका’ बांधले तेव्हा त्यांनी निरर्थक अक्षरांची ही मौज थेट घराघरांत नेली.

सरावाला ‘दू’, ‘बा’, ‘दी’, ‘या’ एवढी चार अक्षरे पुरतात. लांब स्वराला ‘दू’, आखडत्याला ‘बा’, असे ठरवून दोन बारांचा एकच तुकडा वीस वेळा गावा, मग त्यातला एक स्वर बदलावा. येथे माझे एक ठाम मत सांगते: पहिल्या वर्षी सरगम आणि तराण्याचे बोल वापरू नयेत. ते इतके सोपे जातात की गळा आपोआप रागाच्या चलनाकडे वळतो, खालच्या कॉर्ड ऐकणे थांबते आणि श्रोते मात्र ‘फ्यूजन छान झाले’ म्हणून टाळ्या देतात. मुंबईच्या आशा पुथलींनी अमेरिकन सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या 1972 साली आलेल्या ‘सायन्स फिक्शन’ या ध्वनिमुद्रिकेत दोन गाणी गायली. हिंदुस्थानी तालीम घेतलेला गळा जॅझमध्ये कसा चालतो हे पाहायचे तर ती ऐकावीत.

नागपूरचा उन्हाळा

येथे मेमध्ये पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा रियाज पहाटे साडेपाच ते सात एवढ्यातच उरकावा. कूलरची ओलसर हवा गळ्याला वाईट नसते, पण तिचा झोत थेट अंगावर घेऊ नये. शिवाय कूलरचा पंखा एकाच स्वरात घुमत असतो, आणि तो न मागता लाभलेला तानपुरा आहे. एका उन्हाळ्यात माझी सगळी ध्वनिमुद्रणे थोडी थोडी उतरलेली निघाली. पेटी लावून पाहिल्यावर उलगडले की मी पंखा घुमत होता त्या स्वराकडे सरकत होते. रियाजापुरती वीस मिनिटे कूलर बंद ठेवावा, दुसरा इलाज नाही. सावजी जेवण सोडा असे मी कोणाला सांगणार नाही, मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे गायचे असेल तर रात्री उशिरा ते नको, कारण पित्त गळ्याशी आले की आवाज सकाळी दहापर्यंत सुटत नाही. आर्मस्ट्राँगच्या खरखरीची नक्कल टाळावी, आणि आवाज दोन-तीन आठवडे बसलेला राहिला तर काढे पीत न बसता कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

चार लोकांसमोर

तीन गाणी पक्की झाली की ती इतरांबरोबर गावीत, मग तो धरमपेठेतल्या कॅफेतला ओपन माइक असो की कोणाच्या गच्चीवरची बैठक. शक्य झाले तर वर्षातून एकदा विदर्भ एक्स्प्रेस धरून मुंबईला जावे आणि जॅझ प्रत्यक्ष ऐकावे. गायक वादकांशी नजरेने काय बोलतो ते ध्वनिमुद्रणात दिसत नाही.

गाण्याआधी साथीदाराला पाच गोष्टी सांगाव्यात. पट्टी सांगावी. लय सांगावी, तीही ‘मध्यम’ अशी मोघम नको, पहिली ओळ मनात म्हणून चुटकीने दाखवावी. सुरुवातीचे वादन गाण्याच्या शेवटच्या आठ बारांचे हवे की चारांचे, मधली उपज कोण करणार, आणि शेवट कसा करायचा, हेही आधीच ठरवावे; शेवटची ओळ तीनदा म्हणून थांबणे ही रीत सर्वांना ठाऊक असते. चाल आणि कॉर्ड लिहिलेला एका पानाचा कागद, ज्याला ‘लीड शीट’ म्हणतात, आपल्या पट्टीत उतरवून दोन प्रतींत न्यावा आणि गच्चीवर गाणार असाल तर कपड्यांचे चिमटेही न्यावेत, कारण वारा नेमका ब्रिजला सुटतो.

मग दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर चुटकी धरून, ‘वन... टू... वन, टू, थ्री, फोर’ असे आपणच म्हणावे. ही मोजणी गायकाने द्यायची असते, साथीदार तिचीच वाट पाहत असतात.